सहा वाजता हात धुवायचे

टेक्सासमधल्या आमच्या कॉलेजच्या गावात शनिवारी फुटबॉलची मॅच असली की दोन गोष्टी ठरलेल्या. दुपारपासून रस्ते बंद, आणि डायनिंग हॉलमधली अमेरिकन पोरं एकाएकी आजारी. मग पाळीला उरायचो आम्हीच: दोन नेपाळी, एक व्हिएतनामी, मी सोलापूरचा, आणि त्या ऑक्टोबरात नवीन आलेली नांदेडची एक मुलगी.

ती पहिल्या सत्राला होती. आमच्या दोघांची ड्यूटी डिश रूममध्ये. डिश रूम म्हणजे भांडी घासायची खोली, उगाच इंग्रजीत लपवण्यात अर्थ नाही. पट्ट्यावरून खरकट्या ताटल्या येतात. एकानं खरकटं झाडून रॅकमध्ये लावायच्या, दुसऱ्यानं मशीनच्या दुसऱ्या तोंडाला उभं राहून उचलायच्या. शेवटचं पाणी १८० फॅरनहाइटचं, म्हणजे साधारण ८२ सेल्सिअस. बाहेर आलेली ताटली हातमोज्यातूनही चटका देते. ताशी १० डॉलर. केंद्राचा किमान दर २००९पासून ७.२५वर अडकलेला आणि टेक्सासचाही तोच, त्यामुळे आम्ही स्वतःला सुखवस्तू समजायचो. वर एका पाळीला एक जेवण फुकट.

नोकऱ्यांच्या यादीत बऱ्याच कामांपुढे ‘वर्क-स्टडी’ लिहिलेलं असायचं. तो सरकारी मदतीचा पैसा, बाहेरच्या विद्यार्थ्यांना तो लागू नाही. ती कामं वगळली की हाताशी राहतं ते हेच.

मॅच अडीचला सुरू झाली होती. सव्वापाचला पट्टा रिकामा चालत होता, आम्ही भिंतीला टेकून उभे होतो. ती जांभया देत होती.

“झोप झाली नाही का?”

“सकाळी लायब्ररीत होते दादा. आठ ते अकरा.”

“अभ्यासाला?”

“नाही, काउंटरवर. तिथं पण लागलेय ना मी. सोमवार, बुधवार, शनिवार.”

मी सरळ उभा राहिलो. एफ-१ म्हणजे विद्यार्थ्यांच्या व्हिसावर कॅम्पसच्या आत काम करायला वेगळं वर्क परमिट लागत नाही, पण सत्र चालू असताना आठवड्याला २० तासांची मर्यादा आहे. आणि हे २० तास सगळ्या कामांचे मिळून. तिला वाटत होतं, इथले २० वेगळे आणि लायब्ररीतले २० वेगळे. तिला कुणी सांगितलंच नव्हतं असं नाही. ओरिएंटेशनच्या चार तासांत सांगितलं होतं, पण तेव्हा ती विमानाच्या झोपेत होती. डायनिंगच्या स्क्रीनवर डायनिंगचेच तास दिसायचे, लायब्ररीच्या स्क्रीनवर लायब्ररीचेच. बेरीज करणारं कुणी नव्हतं.

ओल्या टेबलावर बोटानं हिशोब मांडला. लायब्ररी तीन त्रिक नऊ. इथं मंगळवारी साडेतीन, गुरुवारी साडेतीन. झाले सोळा. आज दोनला पंच इन, घड्याळाला कार्ड लावून हजेरी. म्हणजे सहाला वीस पूर्ण. पाळी नऊपर्यंत होती. माझे आधीचे साडेपंधरा, म्हणजे मलाही साडेसहापर्यंतच मुभा. ते मला ठाऊक होतं. साडेसहाला कुणीतरी येईल, या भरवशावर मी होतो.

“जास्त झाले तर काय होतं?” तिनं विचारलं.

मी सांगितलं. विद्यार्थी म्हणून राहायचा दर्जा जाऊ शकतो, मग तो परत मिळवायचा वेगळा अर्ज, वेगळी फी, आणि निकाल लागेपर्यंत जीव टांगणीला. सांगताना आवाज जरा कमी करायला हवा होता. तिचा चेहरा उतरला.

मॅनेजरबाई वाईट नव्हत्या. आम्हाला ‘हनी’ म्हणायच्या, दिवाळीला सुट्टी द्यायच्या. पण त्यांच्या डोळ्यांसमोर सहा वाजता सुटणारं स्टेडियम होतं. ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, “मग सहाला दोघं पंच आउट करा आणि काम चालू ठेवा. उरलेले तास मी सोमवारी टाकते.”

खरं सांगतो, क्षणभर मलाही ते सोयीचं वाटलं. पण केलेलं काम ते केलेलं कामच, कुठल्या दिवशी लिहिलं यानं ते हलत नाही. कागदावर सोमवार आणि अंगावर शनिवारचा घाम, हे उद्या कुणी तपासलं तर खोटं ठरणार आम्ही. बाईंना फार तर मेमो मिळेल. मी म्हणालो, “नाही जमणार मॅम.” तीन सत्रांत त्यांना पहिल्यांदाच नाही म्हटलं होतं. त्या काही न बोलता आत गेल्या.

“दादा, काम जाईल माझं. मी थांबते ना, पैसे नकोत मला,” ती म्हणाली.

“फुकट केलंस तरी ते कामच धरतात,” मी म्हणालो. ते तिला पटलं नाही. सोलापुरात कुणी सांगितलं असतं तर मलाही पटलं नसतं.

पावणेसहाला मागच्या कोठीतून खोकी ओढल्याचा आवाज आला. बाई आणि ग्रिलवरचे मेक्सिकन काका कागदी ताटल्यांची खोकी ओढत आणत होते. मशीन बिघडलं की वापरायच्या त्या. बाईंनी चिनी मातीच्या ताटल्यांची थप्पी उचलून आत ठेवली, कागदी मांडल्या, स्वतः एप्रन बांधला. आता घासायला राहणार होते ते फक्त स्वयंपाकाचे मोठे ट्रे आणि पातेली. इतकं साधं होतं ते, आणि आम्ही तिघंही अर्धा तास व्हिसावर भांडत बसलो होतो.

पाच अठ्ठावन्नला मी तिला घड्याळापुढं उभं केलं. तिनं कार्ड लावलं. बाहेर तांबडे टी-शर्ट घातलेल्यांची रांग दारापर्यंत आली होती, आणि ती त्या रांगेच्या उलट्या दिशेनं, मान खाली घालून निघून गेली. मी साडेसहाला निघालो, तेव्हा बाई तीन खणांच्या सिंकमध्ये कोपरापर्यंत हात घालून ट्रे घासत होत्या. माझ्याकडे पाहिलं नाही.

आमच्याकडे आठवडा शनिवारी मध्यरात्री संपायचा. रविवारी सकाळी सातला आलो तर ती आधीच दाराशी उभी. बाईंनी रात्रीचे चिकटलेले चौदा ट्रे आमच्यासाठी भिजत ठेवले होते, वर कागदी ताटलीवर मार्करनं लिहिलेली चिठ्ठी: ‘आता तुमच्याकडे वीस तास आहेत.’

“रागावल्यात का हो त्या?” तिनं विचारलं.

“माहीत नाही,” मी म्हणालो. “घासणी घे.”