‘दुका ला दादा’ : आमची वाटचाल

आमच्या पाटीवरचं नाव स्वाहिली आहे. त्या भाषेत ‘दुका’ म्हणजे दुकान आणि ‘दादा’ म्हणजे बहीण. थोडक्यात, ताईचं दुकान. इथे आम्ही आफ्रिकी, घट्ट कुरळ्या केसांची निगा राखतो. हे नाव मला एका गिऱ्हाइकाने दिलं. ते का द्यावं लागलं हे सांगायचं तर २०१२ च्या एका दुपारपासून सुरुवात करावी लागेल.

तेव्हा पुण्यात कोंढव्यात माझं दोन खुर्च्यांचं लेडीज पार्लर होतं. थ्रेडिंग, फेशियल, लग्नसराईत नवरीच्या ऑर्डरी. माहेर नाभिकाचं, वडिलांचं सलून कॅम्पात, त्यामुळे कात्री-वस्तरा हातात लहानपणापासून. आमच्या भागात आफ्रिकेतून शिकायला आलेली मुलं-मुली खूप राहतात. मुली काचेतून आत बघायच्या आणि पुढे जायच्या. त्या आत का येत नाहीत हे मला वर्षभर सुचलंही नाही, याची आजही खंत वाटते.

त्या दुपारी एक आली. टांझानियाची, दार-एस-सलामची, कॉमर्सला शिकणारी. डोक्याचा रुमाल सोडला तर मुळाशी दोन बोटं घट्ट कुरळे, मऊ, दाट केस, आणि त्यापुढे वीतभर सरळ, वाळक्या गवतासारखे. दोन्ही जिथे जुळत होते तिथे बोट लावलं की केस तुटून हातात येत होता. म्हणाली, “सरळ झालेले सगळे काप. एकही ठेवू नकोस.”

माझा हात थांबला. बाईच्या डोक्यावरचे केस उतरवायचे म्हटलं की आमच्या घरात एक गोष्ट हमखास निघते. १८९० साली मुंबईत कामगार पुढारी नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने नाभिक जमले आणि विधवांचं केशवपन करणार नाही असं त्यांनी ठरवलं. वडील ही गोष्ट छाती पुढे काढून सांगायचे. मी त्या मुलीला विचारलं, घरी सगळं ठीक आहे ना?

ती समजली. तिने शांतपणे सांगितलं, की शाळेत असेपर्यंत मुलींचे केस बारीकच कापलेले असायचे, नियमच तसा. शाळा सुटली आणि मावशीने रिलॅक्सर, म्हणजे केस सरळ करणारं रसायन, लावून केस सरळ केले, ते दर दोन महिन्यांनी चालूच राहिलं. “एकवीस वर्षांची झाले, माझे केस कसे आहेत तेच मला माहीत नाही. मला ते बघायचेत.”

मी कापले. दीड इंच उरले. ओले करून बोटांनी मोकळे केल्यावर त्यांची बारीक बारीक स्प्रिंगं झाली. ती आरशासमोरून पाच मिनिटं हलली नाही. मी पैसे घेतले नाहीत. जाताना तिने विचारलं, “दादा, हे धुवायला येतात का तुला?” ‘दादा’ ऐकून माझी मदतनीस गोंधळली, मी तर जास्तच. अर्थ नंतर कळला. आणि नाही, धुवायला मला येत नव्हते.

त्यानंतर रविवारी ती यायची आणि मला शिकवायची. पहिल्याच दिवशी मी बारीक दातांची फणी घेऊन कोरड्या केसांत मुळापासून घातली. चट चट चट आवाज आला. तिने माझं मनगट धरलं, “पोले पोले.” म्हणजे हळूहळू. हा केस आपल्यासारखा गोल नसतो, चपटा असतो, आणि पीळ घेत वाढतो. प्रत्येक पिळाच्या वळणावर तो नाजूक असतो. डोक्याचं नैसर्गिक तेल सरळ केसावरून घसरत टोकापर्यंत जातं, इथे ते मुळाशीच अडकतं. म्हणून हा केस मुळात कोरडा, आणि कोरडा असताना कंगवा लावला की तुटणारच.

मग आपल्या बायका म्हणतात तसं तेल चोपडा? तिथेच आपण चुकतो. तेलाने केस ओला होत नाही. आधी पाणी, मग ते आत धरून ठेवायला तेल, मग वर क्रीम. चंपीवर वाढलेल्या मला हे पचायला सहा महिने लागले. शिकेकाईची पूडही या केसांत घालू नका, कण पिळांत बसतात आणि दोन धुण्यांत निघत नाहीत. वापरायचीच तर उकळून, फडक्याने गाळून, नुसतं पाणी.

हत्यारं थोडीच लागतात. जाड, लांब दातांचा कंगवा, पण दातांच्या मध्ये प्लास्टिकची शिवण नको, नखाने चाचपून बघा, त्या शिवणीनेच केस सोलला जातो. स्प्रेची बाटली. चार मोठ्या क्लिपा. डोक्याचे चार भाग करायचे, एक सोडायचा, बाकीचे बांधून ठेवायचे. ओल्या केसाला भरपूर कंडिशनर, आधी बोटांनी गुंता सोडवायचा, मग कंगवा, तोही टोकाकडून मुळाकडे चढत. रात्री साटिनची टोपी, कारण सुती उशी ओल शोषून घेते. आमच्या टोप्या समोरचा शिंपी अस्तराच्या साटिनच्या शिवतो.

आणि जवस. हे मात्र माझं. एक वाटी जवस, आठ वाट्या पाणी, मंद आचेवर सारखं ढवळायचं. अंड्याच्या पांढऱ्यासारखी तार सुटली की लगेच उतरवून गरम असतानाच जुन्या मोज्यातून गाळायचं. दोन मिनिटं उशीर केला तर थेंब उतरत नाही. आईच्या स्वयंपाकघरात मी तीन पातेली जाळली तेव्हा ही वेळ हाताला कळली. फ्रिजमध्ये आठवडाभर टिकतं. पीळ धरून ठेवायला याच्याइतकं चांगलं आणि स्वस्त दुसरं मी पाहिलं नाही.

वेण्याही तिनेच शिकवल्या. टाळूला चिकटून जाणारी ती बारीक वेणी, कॉर्नरो, आपल्या सागरवेणीची बहीणच. फरक एवढाच, की सागरवेणीत पेड वरून टाकतो, इथे खालून घ्यायचा. बोटांना तो उलटा वळसा बसायला माझा एक पावसाळा गेला.

थ्रेडिंग-फेशियल सुटलं, दुकान याच केसांचं झालं, आणि पुढची पाच वर्षं धंदा चांगला चालला.

आता ज्याच्याबद्दल लिहू नकोस असं घरच्यांनी बजावलंय, त्याच्याबद्दल. नाव घेत नाही. २०१४ मध्ये एकोणीस वर्षांचा पोरगा माझ्याकडे आला. वर्षभर दुकानाच्या मागच्या खोलीत राहिला, डबा आमच्या घरून. कॉर्नरोचा खालचा वळसा मी त्याची बोटं धरून शिकवला. २०१८ ची दिवाळी झाली, बोनस घेतला, गावी जातो म्हणाला आणि तिसऱ्या आठवड्यात चार दुकानं सोडून त्याच्या दुकानाचा नारळ फुटला. पाटीचा जांभळा रंग माझा. नाव माझं, पुढे फक्त ‘न्यू’ जोडलेलं. माझी रजिस्टरची वही गायब होती, गिऱ्हाइकांच्या नंबरांसकट. धंदा करणाऱ्यांनो, पाटी रंगवायच्या आधी ट्रेडमार्कचा अर्ज करा आणि नंबरांची वही दुकानात ठेवू नका.

तो निम्म्या दरात वेण्या घालायचा. सहा तासांचं काम तीन तासांत, म्हणजे करकचून ओढून. कानशिलाजवळचे बारीक केस आधी जातात, मग तिथली कातडी चकाकायला लागते. वर्षानुवर्षं तसंच ओढलं तर तिथे केस परत येत नाहीत. वेणी घातल्यावर डोकं दुखत असेल, भुवया वर ओढल्यासारख्या वाटत असतील, तर त्याच दिवशी सोडा. पैसे गेले म्हणून हळहळू नका.

मग त्याने रिलॅक्सर सुरू केलं. इंटरव्ह्यूला जायचंय ना, केस नीट दिसायला हवेत, असं मुलींना सांगायचा. ‘नीट’! २०१६ साली दक्षिण आफ्रिकेत प्रिटोरियात शाळेतल्या मुली केसांच्या नियमांविरुद्ध उभ्या राहिल्या, २०१९ मध्ये कॅलिफोर्नियाने अशा केसांवरून भेदभाव करायला कायद्याने बंदी घातली, आणि इथे माझ्याच हाताखाली शिकलेला माणूस मुलींना हे सांगत होता. कित्येक रिलॅक्सरमध्ये कॉस्टिक सोडाच असतो, साबण करायला लागतो तोच. केसाच्या आतले बंध तो कायमचे तोडतो. ‘नो लाय’, म्हणजे कॉस्टिक सोडा नाही, असं लिहिलेल्या डब्यात दुसरं अल्कली असतं, तेही टाळू भाजतं. २०२२ मध्ये अमेरिकेतल्या एका मोठ्या अभ्यासात तर अशी रसायनं वारंवार वापरणाऱ्या बायकांमध्ये गर्भाशयाच्या कर्करोगाचं प्रमाण जास्त आढळलं.

फेब्रुवारी २०१९. दुपारी पाचसहा मुलं-मुली माझ्या दुकानात घुसली. मधे एक मुलगी, टाळूवर दोन ठिकाणी भाजलेलं, पाणी सुटलेलं. तिचा भाऊ माझ्यावर ओरडत होता. बिल हातात, वर माझंच नाव, आणि कोपऱ्यात बारीक ‘न्यू’. मी आधी तिला बेसिनशी नेलं, नुसत्या पाण्याने धुतलं, रिक्षा करून दवाखान्यात पाठवलं. नंतर बिल दाखवलं. भावाने माफी मागितली, पण तोपर्यंत विद्यार्थ्यांच्या सगळ्या ग्रुपांवर माझ्या दुकानाचा फोटो फिरला होता.

मार्च-एप्रिलमध्ये दिवसाला एक गिऱ्हाईक, कधी तेही नाही. तीन महिन्यांचं भाडं थकलं. पाटल्या गहाण पडल्या. नवरा म्हणाला, परत थ्रेडिंग सुरू कर. मी जवळजवळ हो म्हटलं होतं.

मला केस शिकवणारी ती पहिली मुलगी तोवर दार-एस-सलामला परतली होती. तिला हे तिथे कळलं. तिने फोन केला, मी रडले, तिने ऐकून घेतलं. दुसऱ्या दिवशी आपला फोटो सगळ्या ग्रुपांवर टाकला. सात वर्षांचे, कानाखाली आलेले केस, आणि ओढले की खांद्याच्या खाली पोचणारे. खाली लिहिलं, हे ज्या हातांनी कापून सुरू केलं त्या हातांचं दुकान हे, आणि दुसरं ते. मला म्हणाली, नाव बदल, असं ठेव की त्याला ‘न्यू’ लावता येणार नाही. ‘दुका ला दादा’ हे तिनेच लिहून पाठवलं. पाटी रंगवणाऱ्या पेंटरने तीनदा विचारलं, “ताई, ‘दुकान’मधला न राहिला का?”

जून-जुलैत नवीन प्रवेशाच्या मुली आल्या आणि थेट पाटी वाचून आत आल्या. पाटल्या दिवाळीला सुटल्या. २०२० चं टाळं सगळ्यांनाच लागलं, त्याबद्दल वेगळं काय लिहू. त्याने दुकान त्याच वर्षी सोडलं. वही परत दिली नाही.

तिची धाकटी बहीण आता इथे शिकायला आहे. शाळेचे बारीक कापलेले केस वाढू लागलेत, रिलॅक्सरचा थेंबही लागलेला नाही. महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतात आणि वाळले की निम्म्याने आखडतात, म्हणून तिला वाटतं वाढतच नाहीत. मी तिची एक बट ओढून पट्टीवर मोजून दाखवते. आरशात मोजू नका, पट्टीवर मोजा. आपला केस ४-ए की ४-सी हा कुरळेपणाच्या प्रकारांचा तक्ताही पहिल्या वर्षी बाजूला ठेवा. एकाच डोक्यावर तीन प्रकार असतात. सुरुवातीला वीस बाटल्या घेऊ नका, पाणी, कंडिशनर आणि एरंडेल पुरतं.

रविवारी आम्ही फक्त धुणं आणि गुंता सोडवणं करतो. येताना तेल लावून येऊ नका. चार तास लागतात, जेवून या. आमच्या इमारतीत टँकरचं जड पाणी येतं, त्याने केस राठ होतात, म्हणून शेवटचं धुणं कॅनच्या पाण्याने करतो, त्याचे वेगळे पैसे नाहीत.