कायलिया नेमूर : दोन देशांची, एका गावची

४ ऑगस्ट २०२४ हा रविवार होता. दुपारी भारतीय हॉकी संघाने ग्रेट ब्रिटनला शूटआउटमध्ये हरवले होते आणि आमच्या घरात श्रीजेशखेरीज दुसरा विषय नव्हता. त्यामुळे संध्याकाळी सातच्या सुमारास पॅरिसच्या बेर्सी अरेनामध्ये ऑलिंपिक जिम्नॅस्टिक्समधल्या महिलांच्या अनइव्हन बार्सची, म्हणजे उंच-सखल दोन बारवरच्या कसरतींची, अंतिम फेरी सुरू झाली, तेव्हा टीव्हीसमोर मी एकटीच बसले होते. कायलिया नेमूर या सतरा वर्षांच्या मुलीचे नाव मी आदल्या वर्षीपासून ऐकत होते. तिला १५.७०० गुण मिळाले. चीनची छ्यू छीयुआन १५.५०० गुणांसह दुसरी आणि अमेरिकेची सुनी ली १४.८०० गुणांसह तिसरी आली. ऑलिंपिक जिम्नॅस्टिक्समध्ये आफ्रिका खंडाला मिळालेले हे पहिले पदक होते आणि ते थेट सुवर्ण होते. अल्जीरियाचे राष्ट्रगीत वाजले ते पॅरिसमध्ये, म्हणजे ज्या देशाने १८३० पासून १९६२ पर्यंत अल्जीरियावर राज्य केले त्याच्या राजधानीत. पदक घेणारी मुलगी जन्माने आणि वाढीने फ्रेंच होती.

दुसऱ्या दिवशीपासून जो वाद रंगला तो मला तेव्हाही उथळ वाटला आणि आजही वाटतो. हे पदक खरे फ्रान्सचे की अल्जीरियाचे, तिचे मन नेमके कुणाकडे, असे प्रश्न विचारले जात होते. माझ्या मते या कारकिर्दीतल्या दुहेरी नागरिकत्वाचा मनाशी फारसा संबंध नाही. पहिले दार बंद झाले तेव्हा हाताशी असलेले दुसरे दार, एवढेच त्याचे काम होते.

कायलियाचा जन्म ३० डिसेंबर २००६ चा. आई फ्रेंच, वडील अल्जीरियन. लहानपणापासून ती अव्हॉईन येथील क्लबमध्ये शिकली. अव्हॉईन हे लुआर नदीच्या परिसरातले छोटे गाव असून बाहेरच्या जगाला ते माहीत असलेच तर तिथल्या अणुवीज केंद्रामुळे. अशा गावात मार्क आणि जिना किरिलचेंको हे प्रशिक्षक तिला मिळाले आणि फ्रान्सच्या कनिष्ठ गटात तिचे नाव झाले. २०२१ मध्ये तिच्या दोन्ही गुडघ्यांवर शस्त्रक्रिया झाली. वाढत्या वयात सांध्यातल्या हाडाचा आणि कूर्चेचा भाग खराब होण्याचा तो विकार होता आणि चौदा वर्षांच्या जिम्नॅस्टसाठी तो गंभीरच म्हणायला हवा.

पुढे फ्रेंच जिम्नॅस्टिक्स महासंघाशी झालेले भांडण दुपदरी होते. सरावाची जागा महासंघाने ठरवायची की मुलीने आणि तिच्या घरच्यांनी, हा एक पदर. शस्त्रक्रियेनंतर ती पुन्हा खेळायला तयार आहे की नाही हे कोणत्या डॉक्टरने सांगायचे, हा दुसरा. महासंघाची बाजू मी सरसकट झटकून टाकणार नाही, कारण गुडघ्यांच्या दुखण्यातून उठलेल्या मुलीच्या बाबतीत सावध राहणाऱ्या डॉक्टरला खलनायक ठरवणे सोपे असले तरी ते न्यायाचे होईलच असे नाही. मात्र जिम्नॅस्टच्या हातात वर्षे मोजकी असतात आणि वयाच्या पंधराव्या वर्षी वाया गेलेला एक हंगाम पुढे भरून काढता येत नाही, हेही तितकेच खरे आहे.

तिने २०२२ मध्ये अल्जीरियाकडून खेळण्याचा निर्णय घेतला. वडिलांमुळे नागरिकत्व होतेच, पण नागरिकत्व असणे वेगळे आणि त्या देशाकडून खेळता येणे वेगळे. आंतरराष्ट्रीय जिम्नॅस्टिक्समध्ये खेळाडूचे पासपोर्ट कितीही असोत, खेळण्याचा परवाना एकाच देशाचा असतो आणि तो बदलताना जुन्या महासंघाने ना-हरकत दिली नाही तर थांबावे लागते. फ्रेंच महासंघाने ती दिली नाही. त्यामुळे तिला २०२३ चा उन्हाळा उजाडेपर्यंत वाट पाहावी लागली असती, आणि त्याआधी मे महिन्यात दक्षिण आफ्रिकेतील प्रिटोरिया येथे आफ्रिकी स्पर्धा होती. ती चुकली असती तर अँटवर्पची जागतिक स्पर्धा चुकली असती आणि तिच्यापाठोपाठ पॅरिसही. शेवटी फ्रान्सच्या क्रीडामंत्र्यांनीच मध्ये पडून गाडे हलवले, महासंघाने तिला मोकळे केले आणि ती प्रिटोरियाला जाऊन जिंकली. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये अँटवर्पला तिने बार्सवर रौप्यपदक मिळवले. जागतिक स्पर्धेत आफ्रिकेच्या जिम्नॅस्टला मिळालेले ते पहिले पदक होते. इतके सगळे होऊनही तिचा सराव फ्रान्समध्ये, अव्हॉईनमध्येच चालू होता. बदलली ती स्पर्धेच्या यादीत नावापुढे येणारी देशाची तीन अक्षरे.

बार्सवर ती नेमके काय करते हेही सांगायला हवे, कारण बातम्यांत झेंडेच फार आले. दोन आडवे बार असतात. वरचा जमिनीपासून अडीच मीटरवर आणि खालचा एक मीटर सत्तर सेंटिमीटरवर. बहुतेक जणी एका बारवरून सुटून दुसरा पकडतात, तिथे लय सावरायला एखादा झोका घेतात आणि मग पुढची उडी मारतात. कायलिया हा मधला झोकाच गाळते. वरच्या बारवर सुटून, हवेत मागे जाऊन पुन्हा पकड घेतली की ती त्याच वेगात खाली उतरते आणि खालच्या बारला हात लागतो न लागतो तोच पुन्हा वर निघालेली असते. अशा प्रत्येक जोडणीला दशांशांत वाढीव गुण मिळतात आणि धोकाही तिथेच असतो. एका पकडीत हात चार बोटे इकडेतिकडे झाला तर पुढची सगळी साखळी तुटते, आणि बारवरून खाली पडल्यास पूर्ण एक गुण जातो. पॅरिसमध्ये तिच्या रचनेची काठिण्यपातळी ७.२ होती आणि सादरीकरणाला दहापैकी ८.५ मिळाले. मी तो व्हिडिओ निदान वीस वेळा पाहिला असेन. प्रत्येक वेळी पाय जुळलेले, पावलांची टोके ताणलेली, आणि शेवटी जमिनीवर उतरेपर्यंत माझाच श्वास अडकलेला.

माझी भाची न्यू जर्सीत जिम्नॅस्टिक्स शिकते. गेल्या डिसेंबरमध्ये ती पुण्याला आली तेव्हा तिने मला तिचे तळहात दाखवले. बोटांच्या मुळाशी कातडी निघून लालभडक गोल डाग पडले होते आणि त्यांच्या कडेला चुन्यासारखी पांढरी मॅग्नेशियमची पूड अंघोळीनंतरही चिकटून होती. आजीने लगेच खोबरेल तेलाची बाटली काढली, तर ही ओरडली, "आजी, नको! मग ग्रिपमधून हात सटकतो." कायलियाचा व्हिडिओ आम्ही दोघींनी एकत्र पाहिला. तो संपल्यावर तिने विचारले, "मावशी, मग मी इंडियाकडून खेळू शकते?"

उत्तर नाही असे होते. भारतीय कायद्यात दुहेरी नागरिकत्व नाही. परदेशी नागरिकत्व स्वेच्छेने घेतले की भारतीय नागरिकत्व संपते. तिच्याकडे असलेल्या, भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळणाऱ्या ओसीआय कार्डावर व्हिसाशिवाय आजीकडे येता येते, मात्र मतदान करता येत नाही, आणि २००८ च्या अखेरीस केंद्र सरकारने ठरवलेल्या धोरणानुसार भारताच्या राष्ट्रीय संघातून खेळायला भारतीय पासपोर्टच लागतो. या धोरणामागचा विचार मला कळतो. परदेशात घडलेल्या खेळाडूंनी आयते येऊन जागा घेतल्या, तर आगरताळ्यात जुन्यापुराण्या साधनांवर सराव करून रिओमध्ये चौथी आलेल्या दीपा कर्माकरसारख्या मुलींचे काय, हा प्रश्न रास्त आहे. पण त्याची दुसरी बाजू म्हणजे आपल्याकडच्या एखाद्या मुलीचे संघटनेशी बिनसले, तर तिला जायला दुसरीकडे जागाच नाही. गुडघे बरे असले काय नि नसले काय, तिची कारकीर्द तिथेच संपते. अव्हॉईनमध्ये कायलियाइतकीच गुणी, पण एकाच पासपोर्टची दुसरी मुलगी असती, तर आज तिचे नाव आपल्याला माहीतही नसते.

पॅरिसमध्ये यजमान फ्रान्सचा महिला संघ सांघिक अंतिम फेरीपर्यंतसुद्धा पोहोचला नाही. चारही साधनांवरचे गुण एकत्र धरणाऱ्या वैयक्तिक सर्वसाधारण स्पर्धेत कायलिया पाचवी आली. पुढे ऑक्टोबर २०२५ मध्ये जकार्ता येथे ती बार्सची विश्वविजेतीही झाली. तो निकाल भाचीने मला आधी कळवला. सोबत फोटो होता तो मात्र स्वतःच्या तळहाताचा, उजव्या हाताच्या नव्या फोडाचा.