चार जुलैवरची गर्दी

दिनविशेषाच्या रकान्यात चार जुलैला जागा पुरत नाही. अमेरिकेचा स्वातंत्र्यदिन, दोन माजी राष्ट्राध्यक्षांचं एकाच दिवशी निधन, एरी कालव्याची पहिली कुदळ, व्हिक्सबर्गची शरणागती, फिलिपिन्सचं स्वातंत्र्य. वाचणारा "काय योगायोग!" म्हणतो आणि पान उलटतो. पण अशा यादीतल्या प्रत्येक नोंदीला एक प्रश्न विचारून बघावा: ही घटना या तारखेवर आपसूक आली, की कुणी आणून बसवली? चार जुलैच्या बाबतीत बहुतेक नोंदी आणून बसवलेल्याच निघतात.

मूळ तारखेचंच बघा ना. ब्रिटनपासून वेगळं होण्याचा ठराव फिलाडेल्फियात मंजूर झाला तो २ जुलै १७७६ ला. पुढच्या पिढ्या हाच दिवस मिरवणुका आणि रोषणाईनं साजरा करतील, असं पुढे राष्ट्राध्यक्ष झालेल्या जॉन अ‍ॅडम्स यांनी दुसऱ्या दिवशी पत्नीला लिहून कळवलंसुद्धा. चार तारखेला मंजूर झाला तो स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्याचा मजकूर. त्याच रात्री जॉन डनलॅपच्या छापखान्यात त्याच्या सुमारे २०० प्रती काढायला घेतल्या आणि त्यांच्या माथ्यावर ४ जुलै छापलं गेलं. गावोगाव पोहोचला तो हा कागद, म्हणून तारीखही तीच रुजली. चर्मपत्रावर सुवाच्य प्रत काढायचा हुकूम निघाला १९ जुलैला आणि बहुतेकांच्या सह्या झाल्या २ ऑगस्टला. 'चार जुलैला ५६ जणांनी सह्या केल्या' असं कुठे वाचलंत, तर त्या लेखकाच्या बाकीच्या तारखाही तपासून घ्या.

तारीख सणाची झाली आणि पंचांग नसलेल्या देशाला वर्षातून एक हमखास मुहूर्त मिळाला. न्यूयॉर्क राज्यातल्या एरी कालव्याचं काम १८१७ मध्ये याच दिवशी सुरू झालं. पण खरी गंमत ४ जुलै १८२८ ची. बाल्टिमोरमध्ये बाल्टिमोर अँड ओहायो रेल्वेचा पहिला दगड बसवायला चार्ल्स कॅरल आले होते. वय ९०, आणि जाहीरनाम्यावर सही केलेल्यांपैकी एकटे तेच हयात. त्याच दिवशी वॉशिंग्टनजवळ चेसापीक अँड ओहायो कालव्याचा शुभारंभ करत होते राष्ट्राध्यक्ष जॉन क्विन्सी अ‍ॅडम्स, म्हणजे पहिल्या अ‍ॅडम्सचे चिरंजीव. त्यांचं फावडं नेमकं एका झाडाच्या मुळावर आपटलं. पुन्हा मारलं, तरी आत जाईना. शेवटी एरवी अत्यंत शिष्ट असलेल्या या गृहस्थांनी अंगातला कोट काढला, जोर लावला आणि माती उचलली. गर्दीनं जल्लोष केला. आपल्या भाषणातल्या शब्दफुलोऱ्यापेक्षा लोकांना हेच जास्त भावलं, असं त्यांनी रोजनिशीत नोंदवून ठेवलंय. दोन्ही योजनांना ओहायो खोऱ्याचा व्यापार हवा होता, त्यामुळे पोटोमॅक नदीकाठच्या चिंचोळ्या पट्टीवरून त्या कोर्टात भांडल्याही. कंबरलँड गावी रेल्वे पोहोचली १८४२ मध्ये, कालवा १८५० मध्ये, आणि कालवा तिथेच थांबला. मुहूर्त दोघांचाही एकच होता!

काही नोंदी तर कायद्यानंच या तारखेला बांधल्या आहेत. १८१८ च्या ध्वज कायद्यानुसार नव्या राज्याचा तारा झेंड्यावर चढतो तो त्यानंतर येणाऱ्या चार जुलैला. आयडाहो संघराज्यात आलं ३ जुलै १८९० ला, त्याचा तारा दुसऱ्याच दिवशी लागला. वायोमिंग आलं १० जुलैला आणि जवळजवळ वर्षभर ताटकळलं. म्हणून ४३ ताऱ्यांचा झेंडा अधिकृतपणे टिकला फक्त एक वर्ष. ४९ ताऱ्यांचंही तेच: १९५९ च्या चार जुलैला अलास्काचा तारा, पुढच्या चार जुलैला हवाईचा.

व्हिक्सबर्ग ही मधली तऱ्हा. अमेरिकेच्या यादवी युद्धात उत्तरेच्या फौजेनं वेढलेलं हे दक्षिणेतलं शहर. ४७ दिवसांच्या वेढ्यानंतर दक्षिणेचे सेनापती पेंबर्टन ३ जुलै १८६३ ला उत्तरेचे सेनापती ग्रँट यांना भेटले. पेंबर्टन मूळचे उत्तरेतल्या पेनसिल्व्हेनियाचे. चार जुलैला शरणागती मिळते म्हटल्यावर उत्तरेची माणसं अटी सैल करतील, हा त्यांचा हिशेब होता. जवळपास २९,५०० सैनिकांना कैदेत न टाकता 'पुन्हा लढणार नाही' अशा हमीवर सोडण्यात आलं. वेढा मोडणारच होता, दिवस तेवढा हिशेबानं पडला.

मग निखळ योगायोग उरतो तो मृत्यूंचा. १८२६, जाहीरनाम्याचं पन्नासावं वर्ष. तो जाहीरनामा लिहिणारे माजी राष्ट्राध्यक्ष, ८३ वर्षांचे जेफरसन दुपारी एकच्या सुमारास व्हर्जिनियात गेले आणि ९० वर्षांचे जॉन अ‍ॅडम्स त्याच संध्याकाळी मॅसॅच्युसेट्समध्ये. तारयंत्र आलेलं नव्हतं, एकाची बातमी दुसऱ्यापर्यंत पोहोचणं शक्यच नव्हतं. पाच वर्षांनी त्याच तारखेला आणखी एक माजी राष्ट्राध्यक्ष, मनरो गेले. पहिल्या पाच राष्ट्राध्यक्षांपैकी तिघं आधी ठरवलेल्या एका तारखेला जाण्याची शक्यता कागदावर काढली तर सुमारे ४९ लाखांत एक येते. मात्र हे गणित सगळे दिवस सारखे धरतं, आणि इथे ते तसे नव्हते. तीन जुलैच्या रात्री जेफरसन उशापाशी बसलेल्यांना 'चार तारीख झाली का?' असं विचारत होते. जाणाऱ्याचंच लक्ष तारखेवर असेल, तर तो आकडा जपूनच वापरावा. १८३६ मध्ये माजी राष्ट्राध्यक्ष मॅडिसन अखेरच्या आजारात असताना चार जुलैपर्यंत तग धरण्यासाठी उत्तेजक औषधं घ्या, असं त्यांना सुचवण्यात आलं. त्यांनी नकार दिला आणि २८ जूनला ते गेले.

यादी करणाऱ्यांचे पाय दोन ठिकाणी हमखास घसरतात. एक, दिनदर्शिका. वॉशिंग्टन यांचा जन्म त्या वेळच्या मोजणीनं ११ फेब्रुवारी १७३१ चा. ब्रिटिश साम्राज्यानं १७५२ मध्ये दिनदर्शिका बदलली, तेव्हा तारीख ११ दिवस पुढे सरकून २२ फेब्रुवारी झाली आणि वर्षारंभ मार्चऐवजी जानेवारीत आल्यामुळे साल १७३२ झालं. आपल्याकडे शिवजयंतीची १९ फेब्रुवारी १६३० ही तारीखही जुन्या ज्युलियन मोजणीचीच, आजच्या ग्रेगोरियन मोजणीनं तो दिवस १ मार्च येतो. दुसरं, घड्याळ. नासाच्या 'डीप इम्पॅक्ट' यानाचा भाग धूमकेतूवर आदळला ४ जुलै २००५ ला, असं सगळीकडे लिहिलेलं असतं. ती खबर कॅलिफोर्नियातल्या नियंत्रण कक्षात आली तेव्हा तिथे तीन जुलैच्या रात्रीचे १० वाजून ५२ मिनिटं झाली होती.

आणि तारखेनं लावलेल्या यादीतून काही माणसं सरळ गळतात. न्यूयॉर्क राज्यातली गुलामगिरी कायद्यानं संपली ४ जुलै १८२७ ला. तिथल्या अनेक कृष्णवर्णीयांनी मिरवणूक काढली ती मुद्दाम पाच तारखेला. एक तर चारला मद्यधुंद गोऱ्या टोळक्यांची भीती, आणि तो सण आपला मानावा की नाही हा प्रश्नही होताच. १८५२ मध्ये चार जुलै रविवारी आला. रॉचेस्टरमध्ये, स्वतः गुलामगिरीतून निसटलेले वक्ते फ्रेडरिक डग्लस सोमवारी, पाच जुलैला बोलायला उभे राहिले आणि गुलामाला तुमच्या चार जुलैचं काय, असं त्यांनी श्रोत्यांना तोंडावर विचारलं. चार जुलैबद्दलचं इतकं परखड भाषण दिनविशेषात सापडतं ते पाच तारखेच्या रकान्यात.