बोट लागलेला कॅप्टन

आमच्या घरात 'बोट लागणे' हा शब्द अजून जिवंत आहे. आजीचं, म्हणजे आईच्या आईचं, माहेर विजयदुर्ग, आणि ती भाऊच्या धक्क्यावरनं कोकणबोटीने माहेरी निघाली की जे तिचं पोट ढवळायला लागायचं ते बंदर येईपर्यंत, लिंबू हुंगा नाहीतर आवळासुपारी चघळा, काही उपयोग नाही, शेवटी शेजारची कोणीतरी अनोळखी बाई पाठ चोळून द्यायची. मी स्वतः बोटीत बसलो ते थेट कॉम्प्युटरवरच, नववीत असताना, मावसभावाने पेनड्राइव्हमधून पोकेमॉन रेड, म्हणजे पोकेमॉन नावाचे प्राणी पकडून लढवायची गेम, आणून दिली तेव्हा.

गेम जपानमध्ये आली 1996 ला, इंग्रजीत 1998 ला, आमच्याकडे पोचली तेव्हा तिकडची पोरं पुढच्या कितीतरी पोकेमॉन गेम्स खेळून मोकळी झाली असणार. ती मुळात ज्यावर चालते तो हातात धरायचा गेमबॉय मी फक्त फोटोत पाहिलेला. आम्ही आपले एम्युलेटरवर, म्हणजे कॉम्प्युटरलाच गेमबॉय बनवणाऱ्या सॉफ्टवेअरवर, झेड दाबलं की बोलायचं, एक्स दाबलं की मागे, स्पेसबार धरून ठेवला की सगळं पळत सुटायचं.

तर त्यात व्हर्मिलियन नावाचं बंदर आहे आणि तिथे एस एस ॲन ही आलिशान क्रूझ उभी असते, वर्षातून एकदाच येते म्हणे. तिकीट विकत मिळत नाही. त्याआधी बिल नावाचा एक माणूस स्वतःच्याच मशीनमध्ये गडबड करून पोकेमॉन होऊन बसलेला असतो, त्याला परत माणसात आणलं की तो खुश होऊन आपलं तिकीट आपल्याला देऊन टाकतो, त्याला पार्ट्यांचा कंटाळा असतो. (लग्नाचं आमंत्रण मुलाच्या हाती सोपवणारे काका आठवले.)

तोवर गेममध्ये नुसतं गवत, गुहा आणि पुढे चला चाललेलं असतं. बोटीत मात्र खोल्याच खोल्या, आणि कोणाच्याही खोलीत न विचारता शिरायचं, कोणी लढतं, कोणी नुसतंच गप्पा मारतं, कोपऱ्यात एखादी वस्तू पडलेली असते ती उचलायची. बॉडी स्लॅम हा लढतीतला डाव मला इथेच मिळाला, पोकेमॉनची ताकद वाढवणारी रेअर कँडीपण. पण मी रमायचो ते खालच्या भटारखान्यात. तिथे एक आचारी रडत असतो कारण त्याला फक्त कांदेच सोलायला देतात, आणि कचऱ्याच्या डब्यात हात घातला तर एका डब्यात चक्क ग्रेट बॉल, म्हणजे पोकेमॉन पकडायचा चेंडू, सापडतो. त्यानंतर मी सगळ्या गेमभर दिसेल तो डबा उचकत फिरलो, बाहेरच्या जिममध्ये, म्हणजे गावातल्या पोकेमॉनच्या आखाड्यात, तर ते कामालाच आलं, कारण तिथल्या दाराची बटणंच डब्यांमध्ये लपवलेली.

वरच्या जिन्याशी प्रतिस्पर्धी आडवा येतो. त्याचं नाव आपण ठेवायचं, इंग्रजी सात अक्षरांत बसेल असं, मी ठेवलेलं बंड्या. तर हा बंड्या मला फ्रेंचमध्ये 'बाँजूर' म्हणतो, वर विचारतो तुला खरंच बोलावलंय का, आणि हरल्यावर सांगतो की कट नावाची विद्या शिकवणारा उस्ताद म्हणून बघायला गेलो तर नुसता बोट लागलेला म्हातारा निघाला!

तो म्हातारा म्हणजेच कॅप्टन. त्याच्या केबिनमध्ये पुस्तक आहे, बोट लागण्यावर मात कशी करावी याचं. आणि तिथला डबा उघडलात तर गेम म्हणते, शी, बघायला नको होतं. कॅप्टन वाकून उभा, आपण झेड दाबायचं, आपला हिरो त्याची पाठ चोळतो, चोळ चोळ चोळ असं अक्षरशः लिहून येतं, छान ट्यून वाजते, त्याला बरं वाटतं आणि तो खुशीत कट देतो, ज्याने जिमच्या वाटेतलं झुडूप कापता येतं. पूर्ण गेममध्ये कोणाला हरवून नाही तर पाठ चोळून काही मिळालं असं मला हे एवढंच आठवतं.

आणि मग बाहेर पडलात की बोट सुटते. धूर सोडत जी जाते ती जातेच, परत गेलात तर बोट गेली एवढंच कळतं. मला हे माहीत नव्हतं, दोन खोल्या राहिलेल्या, मी म्हटलं जेवून येऊन बघू!

धक्क्याजवळ एक ट्रक उभा आहे आणि त्याखाली म्यू हा दुर्मिळ पोकेमॉन आहे ही अफवा तर जगभर होती. तिथे पोचायचं तर बोट जाऊ द्यायची नाही, म्हणजे कट घेऊन धक्क्यावरून बाहेर न पडता बोटीतच कोणाशी तरी मुद्दाम हरायचं, की शुद्ध हरपून आपण थेट दवाखान्यात, अर्धे पैसे गेले पण बोट जागेवर. मग कितीतरी दिवसांनी सर्फ मिळवून पाण्यातनं जायचं. मी गेलो. ट्रक आहे. खाली काही नाही. भावाला फोन केला तर तो म्हणाला माहितीये.

गेल्या महिन्यात मोबाईलवर परत सुरू केली आणि या वेळी ठरवलं की घाई करायची नाही. कट घेतलाच नाही तर बोट कितीही दिवस उभी राहते, आपण गावात जाऊन औषधपाणी करून यायचं, परत भटारखाना, परत डेक. तीन आठवडे झाले, लोकलमध्ये रोज एक चक्कर मारतो. परवा आई शेजारी बसून बघत होती, म्हणाली हा कोण वाकलाय, म्हटलं कॅप्टन आहे, बोट लागलीये, पाठ चोळली की बरा होतो पण मग बोट जाते म्हणून तसाच ठेवलाय.

आईने चष्मा वर केला. "मेल्या, तो माणूस तीन आठवडे ओकतोय आणि तू खाली कांदे बघत फिरतोयस?"