टपाली मतदानाची गाठ वेळापत्रकाशी

निवडणुका जवळ आल्या की परदेशात राहणाऱ्या भारतीयाला घरून हमखास विचारले जाते, "तुला तिकडून पोस्टाने मत पाठवता येत नाही का?" सरकारी सेवेत नसलेल्या भारतीय नागरिकापुरते या प्रश्नाचे उत्तर आजही नकारार्थीच आहे. मात्र माझ्याबरोबर काम करणारे इतर देशांचे नागरिक आपापल्या निवडणुकांत पोस्टाने मतदान करतात आणि त्यांची पाकिटे, त्यांच्या मुदती व त्यांच्या तक्रारी मी जवळून पाहत आलो आहे. त्यावरून माझे मत असे झाले आहे की, हक्क कायद्यात लिहून देणे हा या कामातील सोपा भाग आहे. ते मत प्रत्यक्षात मोजले जाईल की नाही, हे उमेदवारांची यादी पक्की झाल्यापासून मतमोजणीपर्यंत किती दिवस हाती उरतात यावर ठरते.

इटलीचे उदाहरण घेऊ. परदेशी राहणाऱ्या इटालियन नागरिकांची स्वतंत्र नोंदवही असते आणि तीत नाव असलेल्या मतदाराला वकिलातीकडून घरपोच पाकीट येते. एका सहकाऱ्याने आपले पाकीट माझ्यासमोर टेबलावर रिकामे केले, तेव्हा त्यातून मतपत्रिका, सूचनापत्रक, एक लहान कोरे पाकीट, वकिलातीचा पत्ता छापलेले व टपालखर्च आधीच भरलेले एक मोठे पाकीट आणि मतदार असल्याचा दाखला एवढा ऐवज निघाला. दाखल्याच्या कडेला फाडून घ्यायची एक चिठ्ठी असते. काळ्या किंवा निळ्या शाईने खूण करून मतपत्रिका लहान पाकिटात बंद करायची, ते पाकीट आणि फाडलेली चिठ्ठी मोठ्या पाकिटात घालायची आणि पाठवणाऱ्याचे नाव कुठेही लिहायचे नाही, असा क्रम आहे. चिठ्ठीवरून मत कोणाकडून आले एवढे कळते आणि लहान पाकिटातून मत काय ते कळते. मोजणीच्या वेळी दोन्हींची ताटातूट झाली की गुप्तता राखली जाते. चिठ्ठी चुकून लहान पाकिटात गेली तर मत बाद होते, आणि ते योग्यच आहे. भरलेले पाकीट इटलीतील मतदानाच्या आधीच्या गुरुवारी दुपारी ४ वाजेपर्यंत वकिलातीत पोहोचावे लागते; पोस्टाचा शिक्का त्याआधीचा आहे, ही सबब चालत नाही. वकिलातीने पाकिटे मतदानाच्या १८ दिवस आधीपर्यंत रवाना करायची असतात, म्हणजे जाण्यायेण्याचा सारा प्रवास सुमारे दोन आठवड्यांत उरकायचा. तो बहुधा उरकतो, कारण पाकिटाला देशाची सीमा ओलांडावी लागत नाही. वकिलात आणि मतदार एकाच देशात असतात व मतपत्रिकांचे गठ्ठे पुढे इटलीला नेण्याची जबाबदारी सरकारची असते. या सबंध रचनेतील खरी हुशारी मला इथे दिसते.

जर्मनीत ही सोय नाही. तेथे परदेशस्थ मतदाराची मतपत्रिका मायदेशातील त्याच्या नगरपालिकेकडून निघते आणि मतदानाच्या दिवशी संध्याकाळी ६ वाजेपर्यंत तिकडेच परत पोहोचावी लागते. एरवी हे जमून जाते, परंतु २०२४ च्या डिसेंबरअखेर संसद मुदतीपूर्वी विसर्जित झाली आणि राज्यघटनेनुसार ६० दिवसांच्या आत, २३ फेब्रुवारी २०२५ रोजी, निवडणूक घ्यावी लागली. उमेदवारांची छाननी आणि छपाई होईपर्यंत फेब्रुवारी उजाडला होता. दोन लाखांहून अधिक परदेशस्थ मतदारांनी नाव नोंदवले होते आणि त्यांपैकी अनेकांच्या हाती मतपत्रिका वेळेत पडलीच नाही. लंडनमधील जर्मन राजदूतांनी आपल्यालाही मतदान करता आले नाही, असे जाहीरपणे सांगितले. राजदूताचे टपाल वेळेवर येत नसेल तर इतरांनी कोणाकडे दाद मागायची?

अमेरिकेने या अडचणीवर कायद्यानेच उतारा शोधला आहे. परदेशस्थ नागरिकांच्या टपाली मताला १९८६ च्या कायद्याने आधार दिला आणि २००९ च्या दुरुस्तीने राज्यांवर असे बंधन घातले की, वेळेत मागणी केलेल्या मतदाराला राष्ट्रीय निवडणुकीच्या किमान ४५ दिवस आधी मतपत्रिका रवाना झालीच पाहिजे. तरीही ती न आल्यास मतदाराला उमेदवाराचे नाव स्वतःच्या हाताने लिहून एक राखीव मतपत्रिका पाठवता येते. पोस्ट दगा देणार हे गृहीत धरून केलेली ही तरतूद मला सर्वांत शहाणपणाची वाटते. ब्रिटनने परदेशस्थ नागरिकांवरची १५ वर्षांची मर्यादा जानेवारी २०२४ मध्ये उठवली. तेथे पोस्टाचा भरवसा नसेल तर मायदेशातील एखाद्या मतदाराला आपल्या वतीने मत द्यायला नेमता येते.

पाकीट मुदतीत पोहोचले म्हणजे सारे निभावले, असेही नाही. ऑस्ट्रियात २०१६ मध्ये राष्ट्राध्यक्षपदाची लढत टपाली मतांनी फिरली आणि अवघ्या ३०,८६३ मतांनी निकाल लागला. घटना न्यायालयाने १ जुलै रोजी तो निकाल रद्द केला, कारण अनेक जिल्ह्यांत टपाली पाकिटे ठरलेल्या वेळेआधी किंवा नियमाप्रमाणे हजर असायला हव्या त्या सदस्यांविना हाताळली गेली होती. मतांत फेरफार झाल्याचा पुरावा नव्हता, परंतु अनियमिततेचा परिणाम निकालावर होऊ शकला असता, एवढेच न्यायालयाला पुरेसे वाटले. फेरमतदान २ ऑक्टोबरला ठरले आणि तेवढ्यात पाकिटांचा डिंक निकामी निघाला! चिकटवलेली पाकिटे आपोआप उघडू लागली आणि उघड्या पाकिटातले मत ग्राह्य धरता येत नसल्यामुळे सरकारला फेरनिवडणूक ४ डिसेंबरपर्यंत पुढे ढकलावी लागली.

भारतात टपाली मतपत्रिका मुळीच नाही असे नव्हे. सैन्यदलातील मतदार आणि परदेशातील दूतावासांत नेमणुकीवर असलेले सरकारी कर्मचारी यांना ती मिळते. २०१६ पासून मतपत्रिका त्यांच्याकडे इलेक्ट्रॉनिक मार्गाने जाते. मतदाराने ती छापून घ्यायची, खूण करून आतल्या पाकिटात घालायची, सोबत घोषणापत्र जोडायचे आणि बाहेरचे पाकीट पोस्टाने निवडणूक निर्णय अधिकाऱ्याकडे पाठवायचे. मतमोजणीच्या ठरलेल्या वेळेपूर्वी ते पोहोचले नाही तर त्याचा उपयोग नाही. आपल्या कायद्यानुसार उमेदवारी मागे घेण्याचा शेवटचा दिवस आणि मतदान यांत किमान १४ दिवसांचे अंतर असते, त्यामुळे जाण्याचा प्रवास इंटरनेटवर सोपवून निम्मा वेळ वाचवणे ही चांगली युक्ती आहे. लोकसभेच्या अनेक टप्प्यांच्या निवडणुकीत सुरुवातीच्या टप्प्यांतील मतदाराला मोजणीपर्यंत आणखी अवकाश मिळतो, हा एक आनुषंगिक फायदा.

इतर अनिवासी भारतीयांना २०१० च्या दुरुस्तीने मतदार यादीत नाव घालण्याचा हक्क मिळाला, पण मत द्यायला मात्र मतदान केंद्रावर प्रत्यक्ष यावे लागते. प्रतिनिधीमार्फत मतदानाची मुभा देणारे विधेयक ऑगस्ट २०१८ मध्ये लोकसभेत मंजूर झाले आणि राज्यसभेत पोहोचून संमत होण्यापूर्वीच पुढच्या वर्षी ती लोकसभा विसर्जित झाल्यामुळे व्यपगत झाले. निवडणूक आयोगाने २०२० च्या अखेरीस सैन्यदलांसाठीची इलेक्ट्रॉनिक टपाली पद्धत अनिवासी मतदारांनाही लागू करण्याचा प्रस्ताव केंद्राकडे पाठवला. तोही अमलात आलेला नाही. परिणाम आकड्यांत दिसतो. २०२४ च्या लोकसभेसाठी सुमारे १ लाख १९ हजार परदेशस्थ मतदारांची नोंद होती आणि त्यांपैकी मतदान करणारे ३ हजारांच्या आत होते, त्यातही बहुतेक केरळचे.

या दिरंगाईमागे निव्वळ अनास्था आहे असे मी म्हणणार नाही. मतदान केंद्रावरील पडद्याआड मतदार एकटा असतो. पोस्टाची मतपत्रिका मात्र घरात, वसतिगृहात किंवा कामगारांच्या छावणीत दहा जणांसमोर भरली जाऊ शकते. ज्या मजुराचा पासपोर्टसुद्धा मालकाच्या किंवा मुकादमाच्या कपाटात असतो, त्याचे मत त्याचेच राहील याची हमी कोण देणार? वकिलातीतील अधिकाऱ्याने साक्षांकन करावे म्हटले, तर आखाती देशांत त्यासाठी रजा काढून शेकडो किलोमीटर जाणे कितीजणांना परवडेल, हाही प्रश्न आहेच. माझ्या मते इटलीसारखा, वकिलातीपर्यंतच्या देशांतर्गत टपालाचा मार्ग आपल्याला त्यातल्या त्यात सोयीचा ठरेल, पण त्याआधी वेळापत्रकात आणखी दोनेक आठवडे मोकळे करावे लागतील.

तोवर ज्यांच्या घरचे कोणी परदेशात आहे आणि भारतीय नागरिकत्व कायम ठेवून आहे, त्यांनी त्याला फॉर्म ६ ए आयोगाच्या संकेतस्थळावरून भरायला सांगावे. पासपोर्टवरील भारतातील पत्त्याच्या मतदारसंघात नाव लागते. अशा मतदाराला मतदार ओळखपत्र दिले जात नाही. मतदानाच्या दिवशी मूळ पासपोर्टच दाखवावा लागतो, छायाप्रत चालत नाही. कायमचे परत आल्यावर मात्र नेहमीच्या फॉर्म ६ ने नव्याने नोंदणी करावी लागते.