आधी मीटिंग, मग लॉज

शेतीपंपांच्या सर्व्हिसिंगचं माझं काम. महिन्यातले बरेच दिवस नाशिकबाहेर जातात; कोल्हापूर, नागपूर, कधी थेट गोवा. दौरा ठरला की मी आधी त्या गावातली एए ची, म्हणजे दारू सोडण्यासाठी एकमेकांना आधार देणाऱ्या अल्कोहोलिक्स अॅनॉनिमसची मीटिंग शोधतो आणि मग तिच्या आसपासचं लॉज. दिवसभर विहिरीच्या काठावर उन्हात उभं राहायचं. संध्याकाळी डीलर आपुलकीनं म्हणतो, "साहेब, आज बसायचं ना?" तिथून सुटलं तरी लॉजच्या खोलीत पलंग, टीव्ही आणि खालच्या मजल्यावर परमिट रूम. भूक, राग, एकटेपणा आणि थकवा, या चौघांपासून जपा असं मीटिंगमध्ये नेहमी सांगतात. दौऱ्यावर हे चौघंही एकदमच भेटायला येतात.

एए ची सुरुवात अशाच एका दौऱ्यावर झाली, हे कळलं तेव्हा मला फार बळ आलं होतं. मे १९३५. न्यूयॉर्कचा बिल विल्सन धंद्याच्या कामासाठी ओहायोतल्या अॅक्रनला गेला होता. दारू सोडून त्याला काही महिनेच झाले होते. काम फिसकटलं, परक्या गावात हॉटेलच्या लॉबीत तो एकटा पडला. बारमधून गप्पांचे आवाज येत होते आणि लॉबीत चर्चच्या फोन नंबरांची पाटी होती. तो फोनकडे वळला. आपल्यासारख्याच दारूत अडकलेल्या कुणाशी तरी बोलायला मिळालं तरच आपण वाचू, हे त्याला उमगलं होतं. फोनाफोनी करत तो डॉ. बॉब स्मिथ या सर्जनपर्यंत पोचला आणि दुसऱ्या दिवशी दोघं तासन्‌तास बोलत बसले. डॉ. बॉब शेवटचं प्यायले तो दिवस, १० जून १९३५, हाच एए चा स्थापना दिवस मानतात. बिल त्यांना उपदेश करायला गेला नव्हता, त्याला स्वतःला गरज होती. मीटिंगचं सगळं सामर्थ्य मला यातच दिसतं.

तर मीटिंग शोधायची कशी? एए च्या भारतातल्या वेबसाइटवर शहरानुसार माहिती मिळते. पण नुसत्या पत्त्यावर विसंबून जाऊ नका, आधी फोन करा. हॉल बदलतो, परीक्षा असल्या की शाळेचा वर्ग मिळत नाही, वार पुढेमागे होतो. पलीकडे फोन उचलणारा बहुतेक वेळा स्वतः यातून गेलेला असतो. "मी नाशिकचा, उद्या तुमच्याकडे आहे," एवढं म्हटलं की पुढचं तोच विचारतो. नागपुरात एक काका मला न्यायला स्कूटर घेऊन स्टँडवर आले होते. आडनाव त्यांनी विचारलं नाही, मीही नाही. जवळपास मीटिंगच नसेल, तर ऑनलाइन मीटिंगा असतात. लॉजच्या खोलीत मोबाइल उशीला टेकवून मी त्यांनाही बसतो. समोरासमोर बसण्याची सर त्यांना नाही, पण ती संध्याकाळ निभावते.

पत्ता अनेकदा चर्चच्या हॉलचा निघतो आणि तिथे काहींची पावलं अडतात. धर्माशी संबंध नसतो, फक्त जागा घेतलेली असते. दारूपासून दूर राहण्याच्या एए च्या कार्यक्रमाला बारा पायऱ्या म्हणतात; त्यांत ईश्वराचा उल्लेख आहे, पण तो ज्याला जसा उमगला तसा. आमच्या ग्रुपमध्ये तुळशीची माळ घातलेले वारकरी आहेत आणि देव न मानणारे निवृत्त प्राध्यापकही. सभासद व्हायला एकच अट आहे, दारू सोडायची इच्छा. फी नाही. पिशवी फिरते, तिच्यात सभासद जमेल तेवढं टाकतात. नव्या माणसानं काही टाकलं नाही तरी चालतं. बाहेरची देणगी एए घेत नाही.

एक गोष्ट मात्र कळकळीनं सांगतो. वर्षानुवर्षं रोज पिणाऱ्यानं एका झटक्यात दारू बंद केली, तर फिट येऊ शकते, भ्रम होऊ शकतो, जीवावरही बेतू शकतं. हात थरथरत असतील, घाम फुटत असेल, तर आधी डॉक्टर गाठा. मीटिंग म्हणजे दवाखाना नाही. पुण्यात १९८६ पासून मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र आहे, सरकारी रुग्णालयांत मानसोपचार विभाग असतात आणि व्यसनमुक्तीसाठी १४४४६ हा राष्ट्रीय हेल्पलाइन क्रमांक आहे. घरच्यांसाठी अल-अॅनॉन नावाचे वेगळे गट असतात. माझी बायको माझ्याआधी तिथे जायला लागली होती. मी पितच होतो, तरी तिला रात्रीची झोप लागू लागली.

पहिल्यांदा जाताना पाच-दहा मिनिटं आधी पोचा. तेव्हा कुणीतरी खुर्च्या मांडत असतं, कुणी चहाचं बघत असतं. त्यांना एवढंच सांगा, "पहिल्यांदाच आलोय." बोलायची सक्ती नाही. तुमची पाळी आली की "आज फक्त ऐकतो" म्हटलं तरी सगळे मान डोलावतात. आणि पहिला ग्रुप रुचला नाही तर दुसरीकडे जाऊन बघा. मी घरापासून लांबच्या ग्रुपमध्ये टिकलो, कारण तिथे एक ट्रकचालक बोलायचा आणि त्याचे ढाबे, त्याच्या रात्री माझ्याच होत्या.