तुम्ही विचारलंत म्हणून: जुळलेला आकडा मोडता कशाला?

कोल्हापुरात राजारामपुरीत माझ्या शिकवणीला मुलं सोडायला येणारे पालक दर जूनला हेच विचारतात. "सर, नऊ एकांच्या संख्येचा वर्ग बघून पोरं खूश होतात. लगेच दहा एकांचा कशाला घालता? सगळं बिघडतंय की." ऐकून ऐकून थकलोय, म्हणून एकदा नीट सांगतो.

१११११११११ चा वर्ग १२३४५६७८९८७६५४३२१. सतरा अंक, कुठल्याही टोकाकडून वाचा. अंकांची बेरीज ८१, आणि ८१ नं त्याला पूर्ण भागही जातो. मूळ अवयव तीनच: ३, ३७ आणि ३३३६६७. देवळालीत शिक्षक असलेल्या द. रा. कापरेकरांनी अशा संख्यांना डेम्लो म्हटलं; डोंबिवली स्टेशनाचं ते जुनं नाव, कल्पना तिथं सुचली म्हणून. हे सांगताना मी रंगून जायचो. "कितीही एक घ्या, असंच येतं," असंही ठोकून द्यायचो.

१९९८ साली मी एका शाळेत होतो. आठवीतल्या एका मुलीचे वडील उद्यमनगरात लेथवर होते. चलनाच्या पाठकोऱ्या कागदावर तिनं दहा एकांचा उभा गुणाकार मांडून आणला. म्हणाली, "सर, मधल्या घरात दहा येतात. हातचा डावीकडं जातोय." मी कागद धड बघितलाही नाही. "आकडेमोड चुकली असणार." "दोनदा केलंय सर." वर्ग हसला. मी लाल पेनानं फुली मारली आणि तिला खाली बसवलं.

माझा कॅल्क्युलेटर आठ अंकी. रात्री हातानंच केलं. मधल्या दहाचा शून्य, हातचा शेजारच्या नवाला, नवाचे दहा, पुन्हा हातचा, आठाचे नऊ. उजवीकडं मात्र काहीच हलत नाही. १२३४५६७९००९८७६५४३२१. पोरगी बरोबर होती.

दुसऱ्या दिवशी ती दुसऱ्या बाकावर होती. मी पुढचा धडा काढला. त्या दिवशी बोललो नाही, वर्षभर बोललो नाही. तिनं पुन्हा हात वर केला नाही.

साठ मुलं होती, घटक चाचणी तोंडावर होती, हे खरं. पण कबूल करायला दोन मिनिटं लागली असती. तेव्हाचा मी म्हणतो, मास्तरनं फळ्यावर चूक मान्य केली की वर्ग हातात राहत नाही. त्याला माझ्याकडं आजही पुरतं उत्तर नाही. गेल्या वर्षी एक चूक मान्य केली, तर पोरं तासभर ओळीओळीला शंका काढत बसली आणि धडा राहून गेला.

पण मजा जाते, हे मला पटत नाही. नऊपर्यंत का जुळतं, हे दहाशिवाय कळतच नाही: नऊपर्यंत कुठल्याच घरात हातचा येत नाही, एवढंच कारण. ते न सांगता नुसता आकडा दाखवायचा, तर ती जादूगिरी झाली. तशी मी बरीच वर्षं केली.

यंदा अकरा एकांचाही घालणार आहे. उभी मांडणी, हातानं. आणि कागद मी स्वतः बघणार.